दवाखान्यात येऊन टक्केवारीवर केस मागणाऱ्या वकिलाला वकीलपत्र द्यावं का?

नाही. रस्त्यावरच्या अपघातात जखमी झालेल्या तुमच्या भावाच्या खाटेशी येऊन 'आधी एक रुपया देऊ नका, क्लेम मिळाला की पंचवीस टक्के द्या' म्हणणाऱ्या माणसाच्या कागदावर सही करू नका.

तुम्ही चार गोष्टी विचारल्या आहेत: वकील करावाच लागतो का, कधी करावा, फी किती पडते आणि या माणसाला हो म्हणावं का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी दिलं, कारण आमच्या घरात त्यावरून झालेलं भांडण अजून मिटलेलं नाही.

वकिलांसाठी नियम करणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत हे स्पष्ट लिहिलेलं आहे. निकालावर अवलंबून राहील अशी फी वकिलाने ठरवायची नाही आणि मिळालेल्या रकमेत वाटाही मागायचा नाही. अशील गोळा करत फिरायचं नाही, स्वतः नाही आणि दलाल पाठवूनही नाही. म्हणजे तुमच्याकडे आलेला माणूस वॉर्डाच्या दारातच दोन नियम मोडून आत आलाय. अमेरिकेत टक्केवारी चालते, तिथला कायदा मुभा देतो. इथला देत नाही.

आमचे अण्णा, म्हणजे वडील, शिंपी. साताऱ्यात छोटं दुकान, दोन मशिनं, जूनमध्ये शाळांचे गणवेश आणि दिवाळीच्या आधी रात्र रात्र जागून शिलाई. 2017 च्या जूनमध्ये नागठाण्याला गणवेश पोचवून ते दुचाकीवरून परत येत होते. शेंद्र्याजवळ हायवेवर मागून टेम्पोने उडवलं. उजव्या गुडघ्याचा सांधा आणि त्याखालची दोन्ही हाडं गेली. प्लेटा घातल्या, पुन्हा ऑपरेशन झालं, बिल पावणेतीन लाखांवर गेलं. ताईचे आणि आईचे दागिने त्यात गेले. तेव्हा अण्णा 47 वर्षांचे होते. पाय वाचला, पण गुडघा पुरता वाकायचा तो कायमचा थांबला.

वकील दाजींनी आणला. त्यांच्या ऑफिसातल्या कुणाचा तरी ओळखीचा, टक्क्यावर काम करणारा. अण्णा अजून गुंगीतच होते म्हणा ना, अशात वकीलपत्रावर सही झाली, सोबत दोन-तीन कोऱ्या कागदांवरही झाली. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होते. केस लागली, तारखा पडत राहिल्या आणि आम्हाला वाटलं काम चाललंय.

2019 मध्ये निरोप आला की लोकअदालतीत मिटतंय, टेम्पोची विमा कंपनी साडेतीन लाख द्यायला तयार आहे, अण्णांना घेऊन या. मी सुट्टी काढून गेले. कोर्टाच्या आवारात झाडाखाली बसून पहिल्यांदा आमचा स्वतःचा अर्ज वाचला. त्यात अण्णांचा व्यवसाय लिहिला होता 'मजुरी'. अख्ख्या अर्जात शिंपी नाही, दुकान नाही, शिलाई मशीन नाही. दोन वर्षांत त्या वकिलाने अण्णांना एकदाही विचारलं नव्हतं की तुम्ही काम काय करता.

मी तिथल्या तिथे हिशेब मांडला. साडेतीन लाखांतून पंचवीस टक्के म्हणजे 87,500 वकिलाचे. हातात 2,62,500. दवाखान्याचं बिलसुद्धा फिटत नव्हतं. आणि लोकअदालतीत तडजोड झाली की तो निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. दाजी म्हणाले, "हातात आलेली लक्ष्मी लाथाडू नकोस." वकील म्हणाला, "ताई, पुढं दहा वर्षं लागतील." मी अण्णांना म्हटलं, चला घरी. अण्णा उठले. त्या दिवसापासून दाजी माझ्याशी कामापुरतं बोलतात.

वकील बदलायचा म्हटल्यावर पहिल्याने फाईल द्यायला नकार दिला. 'माझा खर्च झालाय, तो आधी द्या, मग ना हरकत देतो.' हे तुमच्या बाबतीतही होईल, म्हणून सांगते: सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या निकालात सांगितलंय की फी बाकी आहे म्हणून वकिलाला अशिलाचे कागद अडकवून ठेवता येत नाहीत. फीसाठी त्याने हवा तर वेगळा दावा लावावा. नव्या वकीलबाईंनी त्याला तेवढंच लेखी कळवलं आणि कोर्टातून नकलाही मागवल्या. फाईल आली.

या बाई साताऱ्यातल्याच, वयाने मोठ्या, दिवाणी कामं करणाऱ्या. त्यांच्याकडे गेल्यावर त्यांनी एक्स-रे मागितला नाही. अण्णांना विचारलं, "मशीन कुठल्या पायाने चालवता? कटिंग उभ्याने करता की बसून?" वकील कसा निवडावा याचं माझ्याकडे असलेलं सगळं उत्तर या दोन प्रश्नांत आहे.

कारण कायदा असा चालतो. अपंगत्वाच्या दाखल्यावर जी टक्केवारी असते ती त्या अवयवाची किंवा शरीराची. भरपाई ठरते ती कमाईची ताकद किती गेली त्यावरून. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या 2011 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक नीट समजावून सांगितला आहे. हात गेला तर सुतार किंवा ड्रायव्हर कामातून उठतो, कारकून बऱ्यापैकी काम करू शकतो, म्हणून तीच इजा दोघांना सारखी मोजायची नाही. आणि नुसता दाखला जोडून भागत नाही. डॉक्टरला साक्षीला आणावं लागतं, त्याची उलटतपासणी होऊ द्यावी लागते. टक्क्यावर काम करणारा वकील हे कशाला करेल? डॉक्टरला बोलवायचा खर्च त्याच्या खिशातून, वाट पाहायची ती त्यानेच. लवकर तडजोड, लवकर वाटा. तुमच्या भावाच्या केसमध्ये चार लाख वाढले तर त्यातला त्याचा एक लाख, पण त्यासाठी तीन वर्षं राबायचं. तेवढ्या वेळात तो दहा तडजोडी करतो.

अण्णांच्या दाखल्यावर उजव्या पायाचं 35 टक्के अपंगत्व होतं. विमा कंपनीचं म्हणणं, पूर्ण शरीराचं धरलं तर ते 12 टक्केच. बाईंनी आधी अर्जदुरुस्ती करून व्यवसाय शिंपी असा लिहून घेतला. मग ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना बोलावलं आणि त्यांच्याकडून वदवून घेतलं की हा गुडघा काटकोनात येत नाही, या पायावर सलग उभं राहता येणार नाही. उत्पन्नाचा पुरावा काय, तर अण्णांच्या मापाच्या वह्या. आयकर वगैरे कधी भरलेला नव्हता, पण प्रत्येक गिऱ्हाइकाचं माप, कपड्याचा तुकडा टाचलेला आणि शिलाईचा आकडा, सगळं तारखेसकट. एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी गणवेशाच्या ऑर्डरीबद्दल साक्ष दिली. न्यायाधिकरणाने, म्हणजे अपघाताच्या भरपाईच्या केसेस चालवणाऱ्या कोर्टाने, अण्णांची कमाई महिना 12,000 धरली.

विमा कंपनीच्या वकिलाने उलटतपासणीत विचारलं, "मशीनला मोटर लावली तर पायाची गरज काय?" अण्णा म्हणाले, "साहेब, मोटर चालू-बंद पायानंच होते. आणि कापड टेबलावर उभ्यानं कापतात." मला त्या उत्तराचा आजही अभिमान आहे. पस्तीस वर्षं शिलाई केलेला कारागीर होता तो, मजूर नव्हे.

निकाल 2022 मध्ये लागला. हिशेब सांगते, म्हणजे तुम्हाला तुमचा मांडता येईल. महिना 12,000 म्हणजे वर्षाचे 1,44,000. स्वतःचा धंदा आणि वय 40 ते 50 मध्ये, म्हणून भविष्यातल्या वाढीपोटी त्यावर 25 टक्के, हे सर्वोच्च न्यायालयाच्या प्रणय सेठी निकालावरून. झाले 1,80,000. वय 46 ते 50 साठी गुणक 13, म्हणजे वर्षाची कमाई तेरा पट धरायची, हा त्याच न्यायालयाच्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्यातून. झाले 23,40,000. याचे 12 टक्के काढले असते तर 2,80,800 आले असते. न्यायाधिकरणाने कमाईचं नुकसान 60 टक्के धरलं, म्हणून 14,04,000. दवाखान्याचा खर्च आणि वेदनेची भरपाई वेगळी, आणि सगळ्यावर अर्जाच्या तारखेपासून साडेसात टक्के व्याज. बाईंनी फी टप्प्याटप्प्याने घेतली, आकडा पहिल्याच दिवशी कागदावर लिहून दिला होता आणि निकालानंतर एक पैसा जास्त मागितला नाही.

दाजी अजूनही लग्नाकार्यात चार लोकांत म्हणतात, "पाच वर्षं कोर्टाचे उंबरे झिजवले, तेव्हाच मिटवलं असतं तर ताईचे दागिने तरी सुटले असते." दाजी, व्याज अर्जाच्या तारखेपासून मिळालं. उशिराची भरपाई त्यात होती. दागिने सुटले, ते त्याच पैशातून सुटले. आणि तेव्हा मिटवलं असतं तर सुटलेच नसते, कारण वकिलाचा वाटा गेल्यावर दवाखान्याची उधारीच उरत होती. हे गणित मी तेव्हाही कागदावर करून दाखवलं होतं. दाजींचं एक म्हणणं मात्र मी कधी खोडून काढलेलं नाही: घरात रोख नसते, पोरांची फी थांबलेली असते, तेव्हा वाट पाहणं हे ज्याच्याकडे पगार आहे त्यालाच जमतं. माझ्याकडे होता, म्हणून अण्णा थांबू शकले.

तुमच्याकडे तसं कुणी नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रिया, अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. मोफत वकील म्हणजे बिनकामाचा वकील असं लोक म्हणतात. मी त्या वकिलांना मन लावून साक्षी घेताना पाहिलंय.

फी किती, हे मी सांगणार नाही. गावोगावी वेगळी असते. ठरलेली रक्कम असावी, टप्प्यांत असावी, लेखी असावी आणि डॉक्टरच्या साक्षीचा खर्च कोण करणार ते आधी बोललेलं असावं. कोरा कागद, कोरा चेक, सही केलेली पैसे काढायची स्लिप, पासबुक, यातलं काहीही कुणाला देऊ नका. भरपाईची रक्कम भावाच्याच खात्यावर आली पाहिजे.

वकील करावाच लागतो का? कायद्याने सक्ती नाही. पण समोर विमा कंपनीचा रोज हेच काम करणारा वकील असतो, त्यामुळे करा. कधी, तर लवकर. आमच्या वेळी अर्जाला मुदत नव्हती. 1 एप्रिल 2022 पासून अपघातानंतर सहा महिन्यांत अर्ज करायचा आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नका. अपघात दुसऱ्या जिल्ह्यात झाला असला तरी तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणात अर्ज चालतो, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 मध्येच आहे. हेलपाटे वाचतील. एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, टेम्पो की कार जे असेल त्याचा विमा आणि ड्रायव्हरचं लायसन, यांच्या प्रती पोलिसांकडून आत्ताच घ्या. दवाखान्याची प्रत्येक पावती जपा, मेडिकलच्या दुकानाचीसुद्धा.

हेही सांगायला हवं की तडजोड नेहमीच वाईट नसते. हाड जुळलं, माणूस पहिल्यासारखा कामाला लागला, तर पाच वर्षं भांडण्यात अर्थ नाही, आलेला देकार बघून घ्या. गाडीचा विमाच नसेल तर सगळं गणित बदलतं, मग मालकाच्या मागे लागावं लागतं आणि हातात आलेले पैसे खरंच मोलाचे असतात. टक्क्यावर काम करणारे सगळेच लबाड, असंही मी म्हणत नाही, त्यांच्यातल्या काहींनी गरिबांच्या केसेस चालवल्यात ज्यांना दुसऱ्या कुणी हात लावला नसता. नियम मात्र नियम आहे. आणि मी वकील नाही, एक केस शेवटपर्यंत लढलेली मुलगी आहे. तुमच्या कागदांवर शेवटचा शब्द तुमच्या वकिलाचा.

तुम्ही एवढं सगळं लिहिलंत: कुठलं हाड, कुठलं हॉस्पिटल, बिल किती. भाऊ काम काय करतो ते मात्र लिहिलं नाहीत. उभ्याचं काम आहे की बसून, जिने चढायचे असतात का, वजन उचलायचं असतं का, दोन्ही पाय लागतात का, हे आज रात्री त्याच्याजवळ बसून त्याच्याच शब्दांत एका कागदावर उतरवून घ्या. त्या वॉर्डातल्या माणसाने हे विचारलं होतं का, तेही मला कळवा.