युद्धाच्या दिवसांत बातमी लिहिणाऱ्या नव्या वार्ताहराला

देवळाली कॅम्प आणि ओझर तुझ्याकडे आलंय, म्हणून सांगतो. नाशकात सैन्य लांबचं नाही. तोफखान्याचं प्रशिक्षण देवळालीत होतं, सुखोई-३० हे लढाऊ विमान ओझरच्या एचएएल या सरकारी विमान कारखान्यात बनलं, आणि जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत फौजीचं घर सापडेल. म्हणूनच सैनिकाबद्दलचा आदर आणि युद्धाची हौस यांची कॉपीत सरमिसळ होऊ देऊ नकोस.

मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षात काही वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं सांगितलं. ते खोटं होतं. त्या रात्री अँकरच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून मला आपल्या धंद्याचीच भीती वाटली, अजूनही वाटते. 'सूत्रांनुसार' एवढ्यावर शत्रूची हानी कधीच छापू नकोस. दुजोरा नसेल तर तसं स्पष्ट लिही, डेस्क कितीही मागे लागलं तरी. तुकड्यांच्या हालचाली मात्र लिहायच्या नाहीत. त्यावर वाद नाही, जवानांचा जीव आहे तो.

लष्करी शिस्तीचं आकर्षण इथे जुनं आहे. हिंदू महासभेचे नेते डॉ. बा. शि. मुंजे १९३१ मध्ये इटलीत हुकूमशहा मुसोलिनीला भेटले, १९३७ मध्ये त्यांनी नाशकात भोसला मिलिटरी स्कूल काढलं. हे वाचून ठेव. आजच्या घोषणा ऐकताना उपयोगी पडेल.

आणि शहिदाच्या अंत्ययात्रेची बातमी सगळेच करतात. तू सहा महिन्यांनी त्या घरी पुन्हा जा. पेन्शन सुरू झाली का, जाहीर झालेली मदत हातात पडली का, मुलांच्या शाळेचं काय, ते विचार. कॅमेरा पहिल्या दिवशी बाहेरच ठेव.