डॉकर इमेज (ॲप आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेलं पॅकेज) नव्या रजिस्ट्री खात्यात (इमेज साठवायच्या ऑनलाइन जागेत) नेताना सगळ्या पुन्हा बिल्ड कराव्या लागतात का?

नाही, बिल्डच्या नादाला लागू नका. स्कोपियो (skopeo) या इमेज कॉपी करायच्या टूलने जुन्या खात्यातून नव्यात थेट कॉपी करा. राजारामपुरीतल्या आमच्या ऑफिसात आम्ही हेच केलं. पुन्हा बिल्ड केलं की बेस इमेज (जिच्यावर आपली इमेज उभी असते ती), पॅकेजेस बदललेली असू शकतात, म्हणजे टॅग (इमेजच्या आवृत्तीचं नाव) जुना आणि आत माल वेगळा. पुल-टॅग-पुशनेही (इमेज आपल्या मशीनवर उतरवून, नवं नाव देऊन नव्या खात्यात चढवूनही) जमतं, पण त्यात सहसा आपल्या मशीनच्या आर्किटेक्चरचीच (प्रोसेसरच्या प्रकाराचीच) इमेज जाते, एआरएमसारख्या दुसऱ्या प्रोसेसरवाली मागं राहते. स्कोपियोलाही ‘ऑल’ (--all) हा पर्याय द्यायचा विसरलात तर तीच गत. मात्र कॉपीने फक्त इमेज जातात: कुबरनेटिसच्या (कंटेनर चालवणाऱ्या यंत्रणेच्या) फायलींतले इमेजचे पत्ते, पुल सिक्रेट (इमेज उतरवायला लागणारं लॉगिन), सीआयमधलं (आपोआप बिल्ड करणाऱ्या यंत्रणेतलं) टोकन हातानंच बदलायचं. तोवर जुनं खातं बंद करू नका, एखादा नवा नोड (क्लस्टरमधलं मशीन) इमेज मागायला तिकडंच जातो.