मुलगा दहावी झालाय, आयटीआय आता सुधारलंय म्हणतात. त्याने पुढे नोकरीत, पगारात खरंच फरक पडतो का?

पडतो, पण नुसता सिलॅबस बदलला म्हणून नाही पडत. मी स्वतः फिटर ट्रेडचा, रबाळे एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, नवीन पोरं घेताना त्यांचं काम मीच बघतो म्हणून सांगतो.

पोराच्या हातात एमएसची म्हणजे साध्या पोलादाची पट्टी, कानस आणि काटकोन तपासायचा गुण्या देतो आणि म्हणतो दोन कडा काटकोनात आण. ज्याने आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये खरंच घासलंय तो चार हात मारून थांबतो, गुण्या लावून ट्यूबलाइटसमोर धरतो, फटीतनं उजेड कुठे येतोय बघतो आणि तेवढंच घासतो. ज्याने दुसऱ्याचं जर्नल उतरवून दोन वर्षं काढलीत तो घासतच सुटतो. सर्टिफिकेट दोघांचं सेम असतं.

बाहेरच्या देशांत यावर नीट अभ्यास झालेत. स्वीडनने आयटीआयसारखे दोन वर्षांचे कोर्स तीनचे केले, पुस्तकी विषय वाढवले, १९९१ ला सगळीकडे लागू करायच्या आधी काही ठिकाणी करून पाहिलं, तर त्या पोरांची पुढची कमाई वाढलेली दिसली नाही, उलट अभ्यासात कच्ची मुलं मधेच सोडून गेली. नॉर्वेने १९९४ ला दोन वर्षं शाळा आणि पुढची दोन वर्षं अप्रेंटिस म्हणजे कंपनीत शिकाऊ कामगार अशी जोडणी केली, तिथे गरीब घरच्या मुलग्यांची कमाई वाढली.

आपल्याकडे २०१६ पासून ड्युअल सिस्टीम आहे, म्हणजे थोडं शिक्षण आयटीआयत आणि थोडं कंपनीत. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला अप्रेंटिस घ्यावेच लागतात. पण २०१९ च्या नियमात आयटीआयवाल्याला स्टायपेंड महिन्याला किमान ७००० रुपये ठेवला, आता दिव्याहून रोज ट्रेनने यायचं, दोन वेळचं खायचं, त्यात काय उरतं सांगा, हे मला अजिबात पटत नाही. आणि कंपनी कुठली मिळते यावर सगळं आहे हो, माझे अप्रेंटिसचे पहिले सहा महिने एका ठिकाणी खोके उचलण्यात गेले, मशीनला हात लावू दिला नाही.

अजून एक, आयटीआयवाल्याला काम लवकर लागतं पण वय वाढलं, मशीन बदललं की तोच मागे पडतो, बऱ्याच देशांत असंच दिसलंय आणि माझ्या लाइनवरही दिसतं. जुन्या हाताच्या चांगल्या माणसांना पीएलसीचं, म्हणजे मशीन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरचं पॅनल उघडायला भीती वाटते. म्हणून दोन वर्षांचा ट्रेड घ्या, गणित सुटू देऊ नका, नंतर डिप्लोमाला डायरेक्ट सेकंड इयरला जाता येतं.

बेलापूर घ्या नाहीतर ठाण्याचं घ्या, फॉर्म भरायच्या आधी एकदा पोराला घेऊन वर्कशॉपमध्ये जा. लेथ मशीनखाली लोखंडाचा ताजा बुरादा पडलेला दिसतोय का बघा आणि तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या पोरांना विचारा, आठवड्यात मशीनवर किती तास मिळतात.