प्रवास-शंका: इटलीला दोघंच निघालात? मग हे वाचा

इटलीबद्दलची पत्रं बरीच साठली होती म्हणून यावेळी सगळी जागा त्यांनाच देतेय. जवळपास सगळी जोडप्यांचीच आहेत, कुणी बॅगा भरायला काढल्यात तर कुणी जाऊन आलंय आणि तिथे जे झालं ते अजून डोक्यातून जात नाहीये. नावं छापत नाही, गाव तेवढं दिलंय.

प्रश्न : ताई, नमस्कार. लग्नाला २५ वर्षं होतायत म्हणून सप्टेंबरमध्ये आम्ही दोघं इटलीला चाललोय. ह्यांनी सगळा प्लॅन एक्सेलमध्ये केलाय, मिलान, व्हेनिस, फ्लोरेन्स, पिसा, रोम असं सगळं ९ दिवसांत, आणि एक दिवस सकाळी रोमहून निघून पॉम्पेई, तिथून व्हेसुव्हियस, संध्याकाळी अमाल्फीचा किनारा आणि रात्री परत रोम. माझे गुडघे दुखतात पण मला खरं तर पॉम्पेईच बघायचंय, बाकी काही राहिलं तरी चालेल. ह्यांना विचारलं तर म्हणतात सगळं बसतंय वेळेत. खरंच बसतं का? (पुणे)

उत्तर : नाही बसत. रोम ते नेपल्स फास्ट ट्रेनने सव्वा तासाच्या आत होतं हे बरोबर, पण कागदावर तेवढंच दिसतं. नेपल्सला उतरून खालच्या मजल्यावर गारिबाल्दी स्टेशन शोधायचं, तिथून सोरेंतोकडे जाणारी लोकल पकडायची, ती बहुतेक वेळा भरलेली असते म्हणजे पाऊणएक तास उभ्याने, मग ‘पॉम्पेई स्काव्ही’ स्टेशनला उतरून गेटवर तपासणी. आत पाय ठेवेपर्यंत अर्धी सकाळ गेलेली असते. आणि आत आहे ते व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं अख्खं रोमन शहर आहे हो, ६६ हेक्टरचं, त्यातलं साधारण दोन तृतीयांश खोदून काढलंय. दोन तासांत ते ‘करायचं’ म्हटलं तर नुसतं चालणं होईल, तेही लाव्हाच्या उंचसखल दगडांवरून, सावली जवळपास नाहीच.

माझं ऐकाल तर पिसा, व्हेसुव्हियस आणि अमाल्फी तिन्ही काढून टाका आणि नेपल्सला दोन रात्री राहा. एक पूर्ण दिवस पॉम्पेई. तुमच्या गुडघ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट सांगते, स्टेशनसमोरच्या पोर्ता मरीना गेटला चढ आहे, तिथून जाऊ नका. पियाझ्झा अँफितेआत्रो बाजूच्या गेटने जा, तिथून ‘पॉम्पेई सगळ्यांसाठी’ नावाचा ३ किलोमीटरहून जास्त लांबीचा सपाट केलेला मार्ग सुरू होतो, व्हीलचेअरवाल्यांसाठी केलेला आहे पण कुणीही वापरू शकतं. तिकीट आधी ऑनलाइन काढा, तिकिटावर नाव असतं, ओळखपत्र लागतं, आणि २०२४ च्या नोव्हेंबरपासून दिवसाला २०,००० लोकांचीच मर्यादा घातली आहे.

आत गेल्यावर सगळं बघायचं मनात आणू नका. व्हिया देल आब्बोंदान्झा या मोठ्या रस्त्यावर सावकाश चाला आणि खाली बघा. रस्त्यात मधेमधे मोठे उंच दगड बसवलेत, घाण पाण्यात पाय न घालता रस्ता ओलांडता यावा म्हणून, आणि दोन दगडांमधली जागा बरोबर गाडीची चाकं जातील एवढी ठेवली आहे. त्या चाकांनी दगडात खोल चाकोऱ्या पडल्यात, हात घालून बघता येईल इतक्या. दोन्ही बाजूंना खाण्याची दुकानं, ओट्यात मातीचे मोठे रांजण बसवलेले. एका बेकरीच्या भट्टीत १८६२ साली ८१ पाव तसेच्या तसे सापडले, कोळसा झालेले. इसवी सन ७९ मधे व्हेसुव्हियस फुटला तेव्हा कुणीतरी ते भट्टीत घालून गेलं आणि काढायला परत आलंच नाही. हे वाचणं वेगळं आणि त्या भट्टीच्या तोंडाशी उभं राहणं वेगळं, म्हणून तर वेळ मागतेय तुमच्यासाठी.

अजून एक. गाईड सांगेल की स्फोट २४ ऑगस्टला झाला, पुस्तकातही तेच असतं, पण २०१८ मधे एका घराच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेली ओळ सापडली आणि त्यावर तारीख आहे १७ ऑक्टोबरची. कोळशाचं लिखाण फार टिकत नाही म्हणून आता बरेच अभ्यासक स्फोट ऑक्टोबरात झाला असं मानतात. कुणा कामगाराच्या एका ओळीने पुस्तकातली तारीख हलवली.

गुडघे फारच त्रास देत असतील तर पॉम्पेईऐवजी हर्क्युलेनियमचा, म्हणजे त्याच स्फोटात गाडल्या गेलेल्या शेजारच्या गावाचा, विचार करा, त्याच लोकल लाइनवर एर्कोलानो स्काव्ही स्टेशन. जागा खूप लहान, दोन-तीन तासांत आरामात होते, आणि तिथे गरम राखेचा लोंढा आल्यामुळे लाकूडसुद्धा टिकलंय, दारं, तुळया, वरचे मजले. फक्त स्टेशनपासून उतार आहे म्हणजे परत येताना चढ, तेव्हा येताना टॅक्सी करा. आणि ती एक्सेलची फाइल तुम्ही स्वतः उघडा, ह्यांच्या शेजारी बसून तुमच्या हाताने तीन ओळी डिलीट करा. पंचवीस वर्षांची ट्रिप आहे, ती दोघांनी मिळून ठरवलेली हवी.

प्रश्न : आम्ही जूनमध्ये जाऊन आलो. व्हेनिसला जाताना ट्रेन मेस्त्रे स्टेशनला थांबली, बोर्डावर व्हेनेझिया मेस्त्रे लिहिलेलं बघून मिसेस उतरल्या आणि मी बॅगा काढेपर्यंत दारं बंद झाली, गाडी सुटली. सिमकार्ड फक्त माझ्या फोनमध्ये, तिकिटंही माझ्याच फोनमध्ये. त्या बिचाऱ्या पुढच्या लोकल ट्रेनमध्ये बसून आल्या आणि टीसीने दंड लावला. तिकीट काढलेलं असताना दंड योग्य आहे का, परत मागता येईल का? (ठाणे)

उत्तर : दादा, दंड परत मिळणं कठीण आहे आणि नियमाने तो बरोबरही आहे, कारण तुमचं तिकीट ठरावीक गाडीचं होतं आणि मिसेस दुसऱ्या गाडीत विनातिकीट होत्या. मेस्त्रे हा व्हेनिसचा जमिनीवरचा भाग, पाण्यातल्या व्हेनिसचं स्टेशन सांता लुचिया, त्याच्या पुढचं आणि शेवटचं. जेमतेम दहा-बारा मिनिटांवर, गाड्या सारख्या असतात, तिकीट मशीनवर मिळतं आणि स्वस्त असतं. पण परक्या प्लॅटफॉर्मवर एकटं माणूस घाबरलेलं असताना मशीन कुठलं सुचायला, त्यांची काहीच चूक नाही.

बाकी वाचकांसाठी लोकल तिकिटाचं सांगते कारण याच्यावरून दंड भरलेली बरीच पत्रं आहेत. फास्ट गाडीच्या तिकिटावर सीट नंबर असतो, ते तसंच चालतं. रिजनल म्हणजे लोकल गाडीचं कागदी तिकीट मात्र चढण्याआधी प्लॅटफॉर्मवरच्या छोट्या मशीनमध्ये घालून शिक्का मारून घ्यायचा, नाहीतर तिकीट असून नसल्यासारखं. मोबाईलवर काढलं असेल तर गाडीत बसायच्या आधी चेक-इन करायचं. मशीन बंद असेल तर तिकिटावर पेनाने तारीख-वेळ लिहा आणि टीसी तुमच्याकडे यायची वाट न बघता तुम्हीच त्याला जाऊन सांगा.

आणि संपाचं बघून ठेवा. तिकडे रेल्वेचे संप, ‘शोपेरो’, आधी जाहीर होतात, तारखा परिवहन मंत्रालयाच्या साइटवर असतात. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळेत ठरावीक लोकल गाड्या संपातही सोडाव्याच लागतात, त्यातली पकडा.

पण मूळ दुखणं एका फोनचं आहे. दोन माणसं तर दोन सिमकार्डं, दोघांच्या फोनमध्ये दोघांच्या तिकिटांचे स्क्रीनशॉट, आणि निघतानाच ठरवायचं की चुकामूक झाली तर उतरलेल्याने तिथेच थांबायचं आणि गाडीतल्याने परत यायचं. थोडे पैसे वाचवायला एकच सिम घेऊ नका हो.

प्रश्न : रोमला उतरलो पण आमची एक बॅग आलीच नाही, चार दिवसांनी फ्लोरेन्सच्या हॉटेलवर आली. मधे कपडे, चपला, ह्यांची बीपीची गोळी सगळं विकत घेतलं. एअरलाइनवाले आता उत्तर देत नाहीयेत. (नाशिक)

उत्तर : एअरपोर्टवरून बाहेर पडण्याआधी पीआयआर म्हणजे बॅग न आल्याचा रिपोर्ट लिहून घेतला असेल अशी आशा करते, त्याचा नंबर लागेल. बॅग हातात मिळाल्यापासून २१ दिवसांच्या आत लेखी क्लेम करावा लागतो, तुटलेल्या बॅगेसाठी ७ दिवस. २००९ पासून भारतही माँट्रियल करारात, म्हणजे विमान प्रवाशांच्या भरपाईच्या आंतरराष्ट्रीय करारात, आहे, त्यामुळे हा तुमचा हक्क आहे, कुणी मेहेरबानी करत नाहीये. कमाल भरपाई माणशी १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक), म्हणजे सुमारे २,००० डॉलर, पण मिळते ती बिलं दाखवाल तेवढीच. व्हिसासाठी काढलेल्या ट्रॅव्हल इन्शुरन्समध्येही बॅगेचं कलम असतं का बघा, बरेचदा असतं आणि लोक बघतच नाहीत. गोळ्या यापुढे केबिन बॅगेतच ठेवा.

प्रश्न : मी शाळेत इतिहास शिकवते. पॉम्पेईत भारतीय लक्ष्मीची मूर्ती सापडली असं वाचलं होतं, मागच्या वर्षी आम्ही दोघं खास त्यासाठी गेलो, पूर्ण पॉम्पेई पालथं घातलं पण कुठे दिसली नाही. ती खरंच आहे का? (लातूर)

उत्तर : आहे, ताई, आणि तुमचा तर तिच्यावर दुप्पट हक्क आहे. १९३८ मधे पॉम्पेईतल्या एका घरात सापडलेली हस्तिदंताची मूर्ती, उंची जेमतेम २४-२५ सेंटिमीटर. दोन्ही बाजूंना छोट्या दासी, अंगावर दागिनेच दागिने, डोक्यातून खाली गेलेलं भोक, म्हणजे ती आरशाची मूठ असेल किंवा एखाद्या फर्निचरचा पाय. सुरुवातीला लक्ष्मी म्हणाले, आता बरेच अभ्यासक यक्षी म्हणतात. पण ती पॉम्पेईत नाही, नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे, तेही ‘गुप्त दालन’ म्हणतात त्या भागात. पॉम्पेईत सापडलेल्या चांगल्या चांगल्या गोष्टी बहुतेक तिथेच आहेत, भिंतीवरची चित्रं, मोझेइक सगळं. मंगळवारी बंद असतं एवढं लक्षात ठेवा.

आता तुमच्या हक्काचं. अगदी याच घडणीच्या हस्तिदंती मूर्ती दोन ठिकाणी मिळाल्या, जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि तुमच्या शेजारच्या तेरला. म्हणून पॉम्पेईची बाई दख्खनमधूनच गेली असं काही अभ्यासक मानतात. वाट तर होतीच. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या मार्गदर्शिकेत, पेरिप्लसमध्ये, पैठण आणि तगर म्हणजे आपलं तेर ही नावं आहेत, तिथून अकीक आणि सुती कापड गाड्यांवर लादून भडोचला जायचं आणि पुढे जहाजाने. उलट बाजूने माल इकडेही आला, कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीला १९४० च्या दशकात पॉसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती मिळाली, ती तिथल्या टाउन हॉल म्युझियममध्ये आहे. तुमच्या मुलांना आधी तेरच्या लामतुरे संग्रहालयात घेऊन जा, हस्तिदंती मूर्ती दाखवा आणि मग नेपल्सवालीचा फोटो दाखवा. परदेशातलं खंडहर बघायला आपण लाखभर खर्च करतो आणि तेर गावातून बस पुढे निघून जाते याचं मला खरंच वाईट वाटतं.

प्रश्न : पाकीटमाराने मिस्टरांचा कमरेचा पाऊच मारला, दोघांचे पासपोर्ट त्यातच. दूतावासातून कागद घेऊन परत आलो. आता नवीन पासपोर्टवर पुन्हा शेंगेन व्हिसा मिळेल का? (नागपूर)

उत्तर : मिळायला हरकत नाही. पासपोर्ट हरवणं हा गुन्हा नाही, फक्त लपवू नका. इटालियन पोलिसांकडे केलेल्या तक्रारीची, ‘देनुंच्या’ची, प्रत अर्जाला जोडा. तुमचा जुना व्हिसा सिस्टिममध्ये आहे आणि बोटांचे ठसे ५९ महिने जपलेले असतात. ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांनी आधी पोलीस, मग रोमचा दूतावास किंवा मिलानचं वाणिज्य दूतावास. इमर्जन्सी सर्टिफिकेट भारतात परत येण्यापुरतंच असतं, त्यावर पुढची ट्रिप करता येत नाही. आणि पासपोर्ट ज्याचा त्याने सांभाळायचा, एका पाऊचमध्ये दोन नाही.

प्रश्न : ताई, कुणाला सांगू नका. ह्यांनी पॉम्पेईतून अंगठ्याएवढा दगड खिशात घालून आणला, घरी आल्यावर दाखवला. तेव्हापासून आधी ह्यांचा पाय मोडला मग दुकानात नुकसान. माझी सासू म्हणते शापाचा दगड आहे. नदीत सोडू का? (सांगली)

उत्तर : शाप नाही, पण नदीत सोडू नका. तिथल्या पुरातत्त्व उद्यानाकडे जगभरातून असे दगड, मोझेइकचे तुकडे पोस्टाने परत येत असतात, सोबत अगदी तुमच्यासारखीच पत्रं, आजारपण, नुकसान, माफी. पाय मोडायचं कारण दगड नाही. पण तो दगड उचलणं चूकच होतं, इटलीत तो कायद्याने गुन्हा आहे आणि २०२२ मधे शिक्षा आणखी कडक झाल्यात. रोज हजारो लोक त्या रस्त्यांवरून जातात, प्रत्येकाने अंगठ्याएवढा उचलला तर काय उरेल. कुठल्या भिंतीपाशी, कुठल्या घरात उचलला हे ह्यांना आठवत असेल तर आजच लिहून काढायला सांगा, कारण जागा माहीत नसलेला तुकडा अभ्यासाच्या दृष्टीने निम्मा मेलेला असतो. मग कापसात गुंडाळून, ती चिठ्ठी इंग्रजीत घालून, रजिस्टर पोस्टाने उद्यानाच्या अधिकृत साइटवरच्या पत्त्यावर पाठवा. चिठ्ठी ह्यांनीच लिहायची, तुम्ही नाही.