जीसॅप की शेडर? आधी एक कंदील झुलवून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एचटीएमएल-सीएसएस बऱ्यापैकी येतं, जावास्क्रिप्ट कामापुरती येते. बोटामागे धावणारी, स्क्रोल करताना उलगडत जाणारी पानं बनवायची आहेत. व्हिडिओ बघून तीन महिन्यांत थ्री.जेएसचे (ब्राउझरमध्ये त्रिमितीय दृश्यं उभारणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच) चार प्रोजेक्ट पूर्ण केलेत, पण रिकामी फाइल उघडली की पहिली ओळ सुचत नाही. आता जीसॅप (हालचालींसाठीची लायब्ररी) शिकावं की सरळ शेडर (प्रत्येक पिक्सेलचा रंग ठरवणारा, ग्राफिक्स चिपवर चालणारा छोटा प्रोग्रॅम)? आणि ८ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर हे जमेल का?

माझं मत: सध्या दोन्ही नको. दीड महिना सगळ्या लायब्ररी बाजूला ठेवा आणि साध्या कॅनव्हासवर (जावास्क्रिप्टने चित्र काढायचा पानावरचा कोरा चौकोन) एकच वस्तू अशी हलवा की बघणाऱ्याचं बोट आपसूक तिच्याकडे जाईल. रिकाम्या फाइलपुढे तुम्ही अडता, कारण त्या चार प्रोजेक्टमध्ये काहीही ठरवायची वेळ तुमच्यावर आलीच नाही. कॅमेरा कुठे ठेवायचा, वस्तू किती वेगाने फिरवायची, कुठे थांबवायची, हे सगळं व्हिडिओतल्या माणसाने आधीच ठरवलेलं होतं. मी स्वतः फ्लॅशवर शिकले, ब्राउझरमध्ये अ‍ॅनिमेशन चालवणाऱ्या जुन्या साधनावर. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश बंद झालं आणि त्यातले मेन्यू, शॉर्टकट माझ्या काही उपयोगाचे राहिले नाहीत. वेग, प्रवेग आणि थांबण्याची लय यांची जी समज तिथे आली होती, ती मात्र कॅनव्हासवर पहिल्या दिवसापासून कामी आली.

आता प्रत्यक्ष उदाहरण देते. काही वर्षांपूर्वी घरच्यांना पाठवायला मी दिवाळीचं शुभेच्छापान केलं होतं. दोरीला टांगलेला आकाशकंदील, बोटाने ओढून सोडला की झुलतो आणि हळूहळू थांबतो, इतकंच. त्यासाठी लक्षात ठेवायचे दोनच आकडे: कंदिलाचा कोन (रेडियनमध्ये) आणि त्याचा वेग. प्रत्येक फ्रेमला (पडद्यावर उमटणाऱ्या प्रत्येक नव्या चित्राला) तीन ओळी चालतात:

प्रवेग = −२० × कोन − १ × वेग
वेग = वेग + प्रवेग × डीटी
कोन = कोन + वेग × डीटी

डीटी म्हणजे मागच्या फ्रेमपासून गेलेला वेळ, सेकंदात. यातला २० हा आकडा मनाने घेतलेला नाही. गुरुत्वाकर्षणाचा ९.८ भागिले दोरीची लांबी मीटरमध्ये. अर्धा मीटर दोरी धरली तर साधारण २० येतात आणि एक पूर्ण झोका १.४ सेकंदांचा होतो. गॅलरीतला खरा कंदील घड्याळ लावून मोजा, जुळेल. दोरी एक मीटर हवी तर १० घाला, झोका २ सेकंदांचा होईल. दुसरा आकडा, १, हा विरोध. तो शून्य केला तर कंदील थांबणारच नाही; ९ केला तर एकदाही पलीकडे न जाता सरळ मध्यावर येऊन थांबेल. हे दोन आकडे बदलत एक संध्याकाळ बसा. हलकं, जड, सुस्त, चपळ हे सगळं त्या दोन आकड्यांत आहे. मेन्यू उघडायलाही मी हीच तीन समीकरणं वापरते, फक्त २०० आणि २५ घालून. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीचा क्रमही महत्त्वाचा आहे. विरोध शून्य ठेवून त्या ओळींची अदलाबदल करून बघा, झोका आपोआप मोठा मोठा होत जाईल. कारण कागदावर शोधा, मग आयुष्यभर विसरणार नाही.

माझ्या पहिल्या कोडमध्ये डीटी नव्हताच. प्रत्येक फ्रेमला ठरावीक रक्कम वाढवत होते. माझ्या फोनवर सुरेख चालत होतं, पण बहिणीच्या नव्या फोनवर कंदील दुप्पट वेगाने झुलायला लागला. तिचा पडदा १२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १२० फ्रेम दाखवणारा, माझा ६० चा. रिक्वेस्टअ‍ॅनिमेशनफ्रेम, म्हणजे दर फ्रेमला आपला कोड चालवणारं ब्राउझरचं फंक्शन, पडद्याच्या गतीने हाक मारतं: माझ्याकडे दर १६.७ मिलिसेकंदांनी, तिच्याकडे ८.३ नी. वेळ मोजून गुणल्याशिवाय ही तफावत जात नाही. ते दुरुस्त केलं, तर दुसरंच पुढे आलं. मध्येच कुणाचा फोन आला, बोलून पानावर परत आलं, की कंदील गायब! पान मागे गेलं की ब्राउझर फ्रेम देणं थांबवतो, त्यामुळे परतल्यावर डीटी एकदम ४० सेकंद येतो आणि कोन भलतीकडेच जातो. उपाय एका ओळीचा: डीटी ०.०३३ च्या वर जाऊ द्यायचा नाही. हे आता माझ्या प्रत्येक फाइलमध्ये पहिल्या दहा ओळींत असतं.

तिसरा धडा मावशीच्या स्वस्त फोनवर मिळाला. तिथे कंदील अडखळत होता. कंदिलाभोवतीच्या उजेडासाठी मी प्रत्येक फ्रेमला कॅनव्हासची धूसर सावली काढत होते, आणि कॅनव्हासही पडद्याच्या पूर्ण घनतेचा ठेवला होता (सीएसएसच्या एका पिक्सेलच्या रुंदीत पडद्याचे जितके खरे पिक्सेल बसतात, ती घनता). ३६० × ८०० चं पान घनता ३ असताना १०८० × २४०० होतं, म्हणजे २५,९२,००० पिक्सेल, नऊपट. घनतेला २ ची मर्यादा घातली, पिक्सेल ११,५२,००० वर आले. उजेड एकदाच वेगळ्या कॅनव्हासवर काढून ठेवला आणि दर फ्रेमला त्याचा फक्त ठसा उमटवला. अडखळणं गेलं, दिसण्यात मला तरी फरक जाणवला नाही.

बोटाबद्दल एक सांगायलाच हवं, कारण बहुतेक जण इथे घाई करतात. माऊस आणि स्पर्श वेगवेगळे हाताळू नका, पॉइंटर इव्हेंट दोन्हींना पुरतात. कॅनव्हासला सीएसएसमध्ये टच-अ‍ॅक्शन नन द्या, नाहीतर कंदील ओढताना पानच सरकतं. बोट सुटतं तेव्हा कंदिलाला बोटाचा वेग मिळाला पाहिजे, तरच भिरकावल्यासारखं वाटतं. तो वेग बोटाच्या जागेच्या शेवटच्या एकाच नोंदीवरून काढू नका. उचलण्याआधी बोट क्षणभर थबकतं आणि वेग शून्य येतो. शेवटच्या चार-पाच नोंदींची सरासरी घ्या.

हे जमलं की जीसॅप दोन-तीन दिवसांचं काम आहे. त्याचे काही प्लगइन पूर्वी विकत घ्यावे लागायचे, २०२५ पासून सगळं मोफत आहे. स्क्रोलबरोबर उलगडणाऱ्या पानांसाठी ते नक्की घ्या. फक्त लेफ्ट, टॉप, विड्थ हलवू नका, ब्राउझरला दर फ्रेमला मांडणी नव्याने करावी लागते. ट्रान्सफॉर्म आणि ओपॅसिटीवर भागवा.

शेडर त्यानंतर. तिथे विचार उलटा करावा लागतो, आणि ते उलटं होणं मला फार आवडतं. कॅनव्हासवर तुम्ही म्हणता, ‘इथे वर्तुळ काढ.’ शेडरमध्ये प्रत्येक पिक्सेल स्वतःपुरता प्रश्न विचारतो: ‘मी या जागी आहे, तर माझा रंग कोणता?’ मैदानावर कवायतीला उभ्या मुलांच्या हातात रंगीत फलक असतात. आख्खं चित्र एकाही मुलाला दिसत नाही, प्रत्येकाला आपली जागा आणि आपला नियम तेवढा माहीत असतो. म्हणून पहिला शेडर एकाच ओळीचा करा: मध्यापासूनचं अंतर मोजा आणि त्यावरून रंग ठरवा. गोल उमटेल. मग त्या अंतरात वेळेची साइन मिसळा, गोल श्वास घ्यायला लागेल. गणित दहावीच्या साइन-कोसाइनपासून सुरू होतं, पुढे अकरावीचे सदिश लागतात. ती पुस्तकं घरी असतील तर काढून ठेवा. शेडरटॉय या संकेतस्थळावर इतरांचे शेडर कोडसकट बघता येतात. एखादा उघडा, एकच आकडा बदला, काय झालं ते वहीत लिहा. दोनशे ओळींचे शेडर उतरवून घेत बसू नका.

आणि हो, काही लोकांना हलणारी पानं बघून खरोखर गरगरतं, मळमळतं. फोनच्या सेटिंगमध्ये हालचाल कमी करण्याचा पर्याय असतो आणि सीएसएसमधल्या प्रिफर्स-रिड्यूस्ड-मोशन या मीडिया क्वेरीने तो ओळखता येतो. त्यांच्यासाठी कंदील स्थिर दाखवा. हे शेवटी वेळ उरला तर करण्याचं काम नव्हे, कंदिलाबरोबरच लिहा.

लॅपटॉपची काळजी करू नका. कॅनव्हासवरची ही सगळी कामं ८ जीबीत आरामात होतात, साधे शेडरही चालतात. जड वाटलं तर कॅनव्हास अर्ध्या मापाचा करून सीएसएसने ताणा. जुन्या लॅपटॉपचा उलट फायदाच आहे, चूक तिथे लगेच अडखळून दिसते. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये परफॉर्मन्स टॅबवर प्रोसेसर चारपट किंवा सहापट मंद करून बघायची सोय आहे, तीही वापरा. तरी पान कुणाला पाठवण्याआधी घरातला सगळ्यात स्वस्त फोन मागून घ्या आणि त्यावर पाच मिनिटं स्वतः कंदील ओढून बघा.