सूर-सवाल : ‘ह्यो गातोय का बोलतोय?’

प्रश्न : दादा नमस्कार, मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या ऑफिसात अकाउंट्स बघते, राजारामपुरीतून रोज बसने जा-ये, आणि गेले आठ-नऊ महिने त्या बसमध्ये कानात एकच माणूस असतो, कॅनडाचा कवी-गायक लेनर्ड कोहेन. घरी आईचं भजनी मंडळ आहे, पेटी ती स्वतः वाजवते. बाबांनी एकदा ऐकलं आणि म्हणाले, “ह्यो गातोय का बोलतोय?” मला उत्तर देता आलं नाही. इंग्रजी मला ऑफिसपुरतं येतं, गाण्यातलं निम्मं कळतच नाही, मग मला नक्की काय आवडतंय? आणि आईला ऐकवायचं तर काय लावू?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : ताई, पत्र वाचून लई बरं वाटलं. माझ्याकडे कोहेन पहिल्यांदा आला तो एका मित्राने भरून दिलेल्या कॅसेटवर, आणि ती कॅसेट मी रिळ सैल होईपर्यंत वाजवली, तेव्हा मलापण निम्मंच कळायचं.

आधी बाबांचा प्रश्न घेऊ, कारण तो अगदी बरोबर प्रश्न आहे. कोहेन आधी कवी. पहिला कवितासंग्रह १९५६ चा आणि पहिला अल्बम थेट १९६७ चा, म्हणजे वयाच्या तेहतिसाव्या वर्षी तो गायला लागला, तेपण स्वतः लिहिलेलं आणि स्वतः चाल लावलेलं. आपल्याकडे अशा माणसाला जुना शब्द आहे, वाग्गेयकार. आणि तो शब्द जड वाटत असेल तर शाहीर डोळ्यासमोर आणा की, आपल्या कोल्हापूरला ते काय सांगायला पाहिजे? शाहिराच्या गळ्यात किती मुरक्या आहेत ते आपण मोजत बसत नाही, त्याचा शब्द छातीवर येऊन आदळतो का ते बघतो. कोहेनच्या मागे बायकांचा कोरस असतो ना, तो मला नेहमी झीलकऱ्यांसारखा वाटतो, याचा आवाज खाली जमिनीशी आणि वरची सगळी जागा त्या भरून काढतात. पुढचं गाणं ऐकताना मुद्दाम फक्त त्या बायकांकडे लक्ष द्या, गाणं वेगळंच दिसेल. आणि बाबांना हेपण सांगा की याच आवाजाला १९९३ साली कॅनडात जुनो पुरस्कार मिळाला, सर्वोत्तम पुरुष गायक म्हणून!

आता कळत नसताना आवडतं कसं. आईची पेटी आहे ना घरात, मग आज संध्याकाळीच हे करून बघा. ‘हालेलुया’ लावा, १९८४ चं. पहिल्या कडव्यात तो चक्क सांगतो की चाल कशी जाते, चौथा, पाचवा, मग मायनरचं (उदास वाटणाऱ्या सुरांचं) उतरणं, मग मेजरचं (उजळ वाटणाऱ्यांचं) चढणं, आणि जो शब्द तोंडात असतो तोच कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवलेले तीन सूर, खाली वाजत असतो. पेटीवर सा-ग-प धरून सुरू करा, ‘चौथा’ म्हणाला की म-ध-सा दाबा, ‘पाचवा’ला प-नी-रे, ‘मायनर’ला ध-सा-ग, ‘मेजर’ला परत म-ध-सा. पट्टी जुळवायला आई मदत करेल. त्या ध-सा-ग ला हात पडला की पोटात काहीतरी हलतं, शब्द कळो न कळो. तुम्हाला बसमध्ये आठ-नऊ महिने जे होतंय ते हेच आहे, तुमचे कान तुमच्या इंग्रजीच्या पुढे गेलेत एवढंच. लय सहाच्या चालीत झुलते, आईच्या हाताने आपोआप दादरा धरला नाही तर मला कळवा.

एक गोष्ट मात्र सांगायलाच पाहिजे. २०११ साली स्पेनमध्ये त्याला मोठा साहित्य पुरस्कार मिळाला, तेव्हाच्या भाषणात त्याने सांगितलं होतं की तरुणपणी माँट्रियलला आईच्या घराजवळच्या बागेत एक स्पॅनिश पोरगा गिटार वाजवत होता, याने त्याला शिकवायची विनंती केली, तीन दिवस तो घरी येऊन शिकवून गेला, सहा कॉर्ड. चौथ्या दिवशी आलाच नाही. चौकशी केली तर कळलं, त्याने जीव दिला होता. कोहेन म्हणाला की ते सहा कॉर्ड हाच माझ्या सगळ्या गाण्यांचा पाया. हे वाचल्यापासून त्याची गिटार साधी आहे असं मी कुणालाच म्हणू देत नाही.

शब्दांचं म्हणाल तर घाई नको. आठवड्याला एकच कडवं, वहीत हाताने उतरवून काढायचं, अडलेले शब्द डिक्शनरीत बघायचे आणि सोडून द्यायचं. आपण अभंग लहानपणापासून म्हणतो, अर्थ कधी उलगडतो? चाळिशीनंतर एखाद्या दिवशी भाकरी थापताना. कोहेन स्वतःपण असाच हळू होता, ‘हालेलुया’ लिहायला त्याला काही वर्षं लागली आणि ढीगभर कडवी त्याने लिहून बाजूला टाकली.

बरं, तो आपल्याला परका नाही हां. पाच वर्षं डोंगरावरच्या झेन मठात काढून १९९९ साली तो मुंबईला आला, रमेश बाळसेकरांकडे. बाळसेकर म्हणजे बँक ऑफ इंडियाचे मोठे अधिकारी, रिटायर झाल्यावर निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणं इंग्रजीत करून सांगायचे. म्हणजे मुंबईच्या खेतवाडीत राहणाऱ्या या महाराजांचं मराठी बोलणं फिरत फिरत याच्यापर्यंत पोचलं होतं.

आईसाठी ‘हालेलुया’नंतर थेट त्याच्या हयातीतल्या शेवटच्या अल्बमचं पहिलं गाणं लावा, ‘यू वाँट इट डार्कर’. २१ ऑक्टोबर २०१६ ला अल्बम आला आणि ७ नोव्हेंबरला तो गेला, वय ८२. अंगात त्राण नव्हतं, घरीच खुर्चीत बसून गायलाय, मुलाने रेकॉर्डिंग सांभाळलं. मागे जो कोरस आहे तो त्याच्या लहानपणीच्या ज्यू प्रार्थनामंदिरातला, आणि त्यात एक हिब्रू शब्द परत परत येतो, ‘हिनेनी’, म्हणजे ‘हा मी, हजर आहे’. आईला फक्त या एका शब्दाचा अर्थ सांगा, बाकी काही समजावत बसू नका. जिने आयुष्यभर विठ्ठलापुढे उभं राहून गायलंय तिला बाकीचं तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर कळेल.

प्रश्न : मूळ गाण्यापेक्षा दुसऱ्याने गायलेलं जास्त आवडलं तर ते चूक का?
– एक वाचक, शिवाजी पेठ

उत्तर : अजिबात नाही भावा. वर ज्या ‘हालेलुया’बद्दल लिहिलंय ते ज्या अल्बमात होतं तो अल्बम कोहेनच्या अमेरिकन कंपनीने काढायलाच नकार दिला होता. मग १९९१ साली जॉन केलने ते गायलं, ते ऐकून १९९४ साली जेफ बकलीने, आणि तिथून ते जगभर गेलं. तिन्ही ऐका, रात्री, एकामागोमाग एक. आणि त्यानंतर कोहेनचंच २००८ चं लंडनचं लाइव्ह लावा, तेव्हा तो ७३ वर्षांचा होता.