रास्पबेरी पाय ४ (छोटा, एकाच बोर्डाचा संगणक) वरचा, जुने गेम खेळायचा घरगुती रेट्रो कन्सोल गेम सुरू होताच रीस्टार्ट होतो, कोपऱ्यात पिवळी वीज दिसते

ही वीज म्हणजे व्होल्टेज कमी पडतंय. पाय ४ ला ५.१ व्होल्ट लागतो आणि ४.६३ च्या खाली गेला की हे चिन्ह येतं. मेन्यूवर बोर्ड निवांत असतो, गेम चढला की करंट वाढतो, म्हणून तिथेच अडकतं.

तुम्ही लिहिलंय की मोबाईलचा ३३ वॉटचा चार्जर आहे. ते वॉट इथे कामाचे नाहीत, कारण पाय त्याच्याकडून फक्त ५ व्होल्टच घेतो. खरा घोळ बहुतेकदा केबलमध्ये असतो. २८ गेजच्या, म्हणजे बारीक, १ मीटर वायरीत जाऊन-येऊन सुमारे ०.४ ओहम रोध येतो. सव्वा अँपिअरला अर्धा व्होल्ट वायरीतच खलास!

टर्मिनलमध्ये (कमांड टाईप करायच्या खिडकीत) 'vcgencmd get_throttled' ही कमांड द्या. शेवटचे आकडे ५०००५ आले तर आत्ता या क्षणी व्होल्टेज कमी आहे, ५०००० असेल तर मघाशी पडलं होतं. नुसता ० आला तर पॉवर ठीक, मग एसडी कार्ड बदलून बघा.

कोल्हापुरात राजारामपुरीत शोधा किंवा ऑनलाईन मागवा, पण ५.१ व्होल्ट ३ अँपिअरचा, वायर जोडूनच येणारा अडॅप्टर घ्या. जॉयस्टिकचा एलईडीवाला बोर्ड तोवर काढून ठेवा, तोही करंट खातो.

आणि कृपा करून भिंतीवरच्या बटणाने बंद करू नका, कार्डवरच्या फाइली खराब होतात. मेन्यूतून शटडाऊन करा, हिरवा दिवा लुकलुकायचा थांबला की मगच बटण बंद.